मंत्री, रजिस्टरात सातव्या नंबरला

सगळ्यात आधी शपथ घेतो. पुढं लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

आता शपथेचं म्हणाल, तर माझा धंदाच शपथेचा. कोर्टाच्या भिंतीला लागून कडुनिंबाखाली माझं पत्र्याचं शेड आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि तीन खुर्च्या. त्यातली एक मोडकी, ती वकिलांसाठी. अर्ज, विनंत्या, तक्रारी, प्रतिज्ञापत्रं, सगळं टाईप करून मिळतं. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे' ही ओळ मी इतक्या वेळा टाईप केलीय, की हल्ली बोटं मला न विचारताच ती उमटवतात. मजकूर वाचायच्याही आधी!

तेव्हा सगळंच खरं आहे असं काही मी म्हणत नाही. एक गोष्ट मी पदरची घातलीय. कोणती, ते शेवटी सांगतो.

किस्से गोळा करायला मी कुठं जात नाही. माणूस वकिलापुढं जपून बोलतो, पोलिसापुढं त्याहून जपून बोलतो आणि टायपिंगवाल्यापुढं मोकळा होतो. त्यात प्रिंट निघेस्तोवर त्याला दुसरं काम नसतं. लाईट गेली तर विचारूच नका. एका लोडशेडिंगला दोन किस्से, हा माझा हिशेब.

आमची बैठक तिघांची. एक मी. लोक मला मास्तर म्हणतात, कारण पूर्वी माझा टायपिंगचा क्लास होता. दुसरे बाबर वकील, फौजदारीतले, मोडक्या खुर्चीचे मालक. आणि तिसरे शेखमामू. हे जेलमध्ये हवालदार होते. निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या जेलांच्या दारावर नोकरी केली, रिटायर झाले आणि आता रोज सकाळी दहाला ड्युटीवर आल्यासारखे माझ्या शेडमध्ये येतात. घरी करमत नाही म्हणतात. घराला एकच दार आहे ना!

आमच्याकडं येणारं गिऱ्हाईक बहुतेक जेलमधल्या माणसांचं. बाप, भाऊ, बायका, आया. आणि प्रत्येकाची एकच समजूत. जेल मंत्र्याचं आहे, किल्ली मंत्र्याच्या खिशात आहे, त्याच्या मनात आलं की दार उघडतं. त्यामुळं पहिला अर्ज थेट मंत्र्याला. खालच्या साहेबाला नंतर, जमलं तर.

\* \* \*

पारूआत्या आली ती अशीच. बेंबळीच्या बाजूची, सत्तरीच्या घरातली, डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा. पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून यायची. पुतण्या शेडमध्ये यायचा नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर पाठ करून बसायचा.

तिचा एकुलता एक मुलगा दिगंबर मध्यवर्ती कारागृहात जन्मठेप भोगत होता. विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून भावकीत भांडण झालं, दिगूच्या हातात फावडं होतं आणि चुलतभाऊ जागेवर गेला. आत्या यातलं काही लपवायची नाही. "मारलं त्यानं. खोटं कशाला बोलू? पन चौदा वर्सं झाली. आता सोडा म्हनावं."

बाबर वकील म्हणाले, "आत्या, चौदा वर्षं झाली म्हणजे सुटला, असं नसतं. चौदा व्हायच्या आत सोडता येत नाही, एवढंच कायदा म्हणतो. पुढं सोडायचं की नाही ते सरकार ठरवणार."

"सरकार म्हंजी मंत्रीच ना?"

"फाईल त्यांच्यापर्यंत जाते."

"मग त्यालाच लिवा."

तेवढ्यात मी जुनं कलम खोडून नव्या कायद्याचं टाकत होतो. कायदा बदलला, नंबर बदलले. आत्यानं विचारलं, "काय खोडलं?" सांगितलं, तर म्हणाली, "जुन्या कलमानं आत गेलाय त्यो. जुन्याच कलमानं भायेर काढा. नव्यानं अन् कुठं अडकला मंजे?"

बाबर वकील हसायला लागले. मग म्हणाले, "टाका मास्तर, दोन्ही टाका!"

अर्जात शेवटी कारण लिहावं लागतं. मी 'वृद्धापकाळ' टाईप केलं. आत्यानं वाचून दाखवायला लावलं आणि मान हलवली. "तसं नगं. असं लिवा, मला दिसतंय तवर यावा. एका डोळ्यानं गेलंय, दुसऱ्यानं चाललंय."

तसंच लिहिलं.

\* \* \*

त्या दिवशी आत्याला धीर द्यायला म्हणून शेखमामूंनी मंत्र्याचा किस्सा सांगितला. धीर आला की गेला, ते तुम्हीच ठरवा.

जेल बघायला जायचा अधिकार मंत्र्याला असतोच. तर मामू दुसऱ्या एका जिल्ह्यात दारावर ड्युटीला असताना एक मंत्री जेल बघायला आले. सोबत कार्यकर्ते. आता जेलला दारं दोन, बाहेरचं आणि आतलं. मधे बोळ. एक पक्कं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा नियम निजामाच्याही आधीचा आहे असं मामू सांगतात. जाताना सगळ्यांची नावं रजिस्टरात. अकरा माणसं.

पाहणी झाली. मंत्री बोळात आले, मागं कार्यकर्ते.

मंत्री म्हणाले, "उघडा."

मामू म्हणाले, "आतलं दार लागलं की उघडतो साहेब."

"मग लावा की!"

"लावता येत न्हाय. अकरा आत गेले, दहाच आले. गिनती मिळाल्याबिगर दार हलत न्हाय."

अकरावा कार्यकर्ता आत बरॅकसमोर उभा होता! त्याच्या गावचा एक कैदी सापडला होता आणि मागच्या ग्रामपंचायतीला त्यानं मत कुणाला दिलं, ते हा त्याला तिथंच विचारत होता. कैदीही कुठं जाण्यातला नव्हता, त्यामुळं चर्चा सविस्तर चालली होती.

इकडं बोळात उकाडा. मंत्र्यांच्या गळ्यातला हार सुकायला लागला. जेलचे साहेब मामूंना डोळ्यांनी खुणा करतायत आणि मामू वर पंख्याकडं बघतायत. शेवटी मंत्र्यांचा आवाज चढला. "मी कोण आहे माहीत आहे ना?"

मामू म्हणाले, "व्हय साहेब. रजिस्टरात सातव्या नंबरला हायत."

बाबर वकिलांनी विचारलं, "मग पुढं काय झालं?"

"काय होतंय? महिन्याच्या आत बदली."

"शिक्षा म्हणून?"

"साहेब म्हनले, मंत्री लई खूश झाले, बक्षीस म्हनून बदली. पर ऑर्डरीत कारन लिवत न्हाईत ना. आजपातूर कळलं न्हाय!"

आत्या हसली नाही. तिला दुसरंच लागलं होतं. "मामू, ही गिनती रोज घेत्यात?"

"रोज. दिवस मावळायच्या आत. सगळे आपापल्या जागी भिंतीला पाठ लावून उभे. मोजायचं, कागदावरच्या आकड्याशी मिळवायचं आणि बाहेरनं कडी."

"अन् मिळाली न्हाय तर?"

"तर परत पहिल्यापासनं. आकडा मिळाल्याबिगर जेलमध्ये कुणी आडवं होत न्हाय आत्या. ना कैदी, ना शिपाई."

आत्या म्हणाली, "म्हंजी माझ्या दिगूला रोज कुनीतरी मोजतंय."

\* \* \*

ढोकीकडचे एक बागायतदार होते. नाव नको, ऊस भरपूर आहे एवढं पुरे. पोरगं मारामारीत आत गेलं. कच्चा कैदी, म्हणजे अजून खटला चालायचाच होता. बाबर वकिलांनी जामिनाचा अर्ज तयार केला, तर हे म्हणाले, "तुम्ही थांबा वकीलसाहेब. कोर्टाचं काम नाही हे. मी मुंबईलाच जातो."

वकील म्हणाले, "अहो, जामीन देणं मंत्र्याच्या हातात नसतं."

"तुमच्या मंत्र्याच्या नसंल. आमच्या आहे."

गेले. सोबत दोन गाड्या. चौथ्या दिवशी परत आले ते थेट शेडमध्ये. खिशातनं लखोटा काढला. आत मंत्र्याच्या कार्यालयाचं कडक कागदावरचं पत्र. सही, शिक्का, सगळं. लखोटा टेबलावर आपटून म्हणाले, "वाचा मास्तर, मोठ्यानं वाचा! वकिलांना ऐकू जाऊ दे."

मी मोठ्यानं वाचलं. "आपल्या निवेदनाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर बाब न्यायप्रविष्ट असल्याने आपण सक्षम न्यायालयात जामिनासाठी अर्ज करावा."

 बाबर वकील मोडक्या खुर्चीत अजिबात न हलता बसलेले. कारण हललं की ती वाजते.

बागायतदारांनी पत्र माझ्या हातातनं घेतलं, घडी घातली आणि म्हणाले, "बघा! मी म्हणलं नव्हतं? साहेबांनी रस्ता सांगितला."

जामीन पुढच्या आठवड्यात झाला. पत्र लॅमिनेट करून बैठकीत लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून सांगतात, "ह्याच्यावर पोरगं सुटलं."

\* \* \*

आत टाकण्यासाठीही येतात लोक.

येडशीचा एक जण आला. घरात पोरीचं लग्न. म्हणाला, "मंत्र्याला अर्ज करायचाय. माझ्या मेव्हण्याला जेलात ठेवा."

"काय केलं त्यानं?"

"अजून काही नाही. पण पितो आणि मांडवात राडा करतो. थोरलीच्या लग्नात बँडवाल्याच्या ढोलात बसला होता. तर हळदीपासनं वरातीपर्यंत ठेवा म्हणावं, फार नको. जेवण मी घरनं पाठवतो."

मी समजावलं, बाबर वकिलांनी समजावलं. गुन्हा नाही, कोर्टाचा हुकूम नाही, असल्या माणसाला आत ठेवायची पॉवर मंत्र्याला काय, कुणालाच नाही.

तो बुचकळ्यात पडला. "मंत्र्याला आत टाकता येत नाही, भायेर काढता येत नाही. मग त्याला जेलचं येतं तरी काय?"

वकिलांनी बोटं मोजली. "नियम करता येतात. समिती नेमता येते. जेल बघता येतं. जन्मठेपेच्या कैद्याची फाईल खालनं सगळ्यांचे अभिप्राय घेऊन आली, तर सही करता येते."

"आणि पत्र देता येतं!" शेखमामू म्हणाले.

अर्ज केलाच त्यानं. लग्न पार पडलं. मेव्हणा कुठल्या तरी कामाला लागला होता, आलाच नाही. अर्ज मात्र फिरत राहिला. गृह खात्यातनं कुणीतरी तो व्यसनमुक्तीकडं पाठवला, तिथनं जिल्ह्याला आला, जिल्ह्यानं संबंधिताला कळवावं म्हणून पुढं धाडला. नव्या जोडप्याचं पोरगं रांगायला लागलं, तेव्हा मेव्हणा एक सरकारी लखोटा घेऊन दारात उभा राहिला.

"दाजी, माझ्याबद्दल कायतरी आलंय. वाचून दाखवता का?"

\* \* \*

एक छोटा किस्सा, मामूंचाच. कुठल्याशा पाहणीत एका पाहुण्यानं कैद्यांच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली आणि म्हणाला, "वा! घरी असली मिळत नाही."

रांगेतला एक म्हातारा कैदी कळवळून म्हणाला, "मग ऱ्हावा की साहेब. माझी जागा घ्या."

\* \* \*

आत्याच्या अर्जाला काही उत्तर येईना. दर पंधरवड्याला ती यायची, मोटरसायकल टपरीपाशी थांबायची, आत्या शेडमध्ये बसून "आलं का?" विचारायची आणि जायची. दुसरा डोळाही आता धूसर झाला होता. मी प्रिंटरपाशी आहे की कॉम्प्युटरपाशी, ते ती आवाजावरून ओळखायला लागली.

तेवढ्यात ढोकीकडं ऊसगाळपाचा हंगाम सुरू करायचा कार्यक्रम निघाला आणि मंत्री येणार म्हणून कळलं. आत्यानं ठरवलं, कागद हातातच द्यायचा. शेखमामूंनी तिला माझ्या शेडमध्ये तालीम दिली. ते स्वतः मंत्री झाले, मला पीए केलं.

"रडू नको. पायाला हात लावू नको. साहेब विचारतील, काय काम. एका वाक्यात सांगायचं आणि कागद पुढं करायचा. दुसरं वाक्य झालं की पीए हात धरून बाजूला करतो."

आम्ही तिघंही कार्यक्रमाला गेलो. ट्रॅक्टरच्या रांगा, मांडव, लाऊडस्पीकर. निवेदनं द्यायची रांग ही लांब. कुणाला रस्ता, कुणाला विजेचा डीपी, कुणाला बदली. आत्याचा नंबर आला. मंत्री घाईत होते.

"बोला मावशी, काय काम?"

"पोरगं न्यायचंय."

"कुठनं?"

"तुमच्याकडनं. चौदा वर्सं झाली, तुमच्याकडंच हाय की."

मंत्री थांबले. पीएकडं बघितलं. पीएला वाटलं, साहेबांच्या बंगल्यावर कामाला असलेल्या कुणाची आई आहे. तो म्हणाला, "साहेब, सुट्टीचं बघतो मी, आजच सोडतो."

"आज?" आत्या म्हणाली. "आज सोडत असाल तर मी हितंच थांबते."

मग कागद उघडला, तेव्हा उलगडा झाला. मंत्र्यांनी अर्ज उभ्याउभ्या वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली, असं बाबर वकील म्हणतात. मला काही दिसलं नाही, माझ्यापुढं एक उंच सरपंच होता. मंत्री म्हणाले, "मावशी, मला एकट्याला नाही सोडता येत. खालनं अहवाल यावा लागतो. तो मागवतो." कोपऱ्यात काहीतरी लिहिलं.

परत येताना आत्या म्हणाली, "मामू, त्यो बी गिनतीचंच बोलला जनू. खालनं मिळाल्याबिगर दार उघडत न्हाय."

\* \* \*

आता कागदाचा प्रवास ऐका. तो अर्ज मी टाईप केलेला. ढोकीत मंत्र्याच्या हातात गेला. तिथनं मुंबई. मुंबईहून जेलच्या मोठ्या साहेबाकडं, तिथनं कारागृहाकडं, कारागृहाकडनं जिल्ह्याच्या पोलिसांकडं आणि तिथनं गावच्या ठाण्यात. प्रत्येकानं कोपऱ्यात एक ओळ लिहिली. अहवाल सादर करावा. आणि एक दिवस ठाण्याचा जमादार तो कागद बगलेत मारून माझ्या शेडमध्ये उभा!

"मास्तर, ठाण्यातला प्रिंटर बंद आहे. एक अहवाल टाईप करून द्या."

माझाच अर्ज. त्याच्यावर माझ्याच कीबोर्डवरनं सरकारचा अभिप्राय! कागद दारोदार हिंडून दमून माझ्याच टेबलावर बसला होता.

अहवालात खरा मुद्दा एकच असतो. कैदी गावात आला तर मयताच्या घरच्यांची हरकत आहे का? दिगूनं दोनदा रजेचा अर्ज केला होता. दोन्ही वेळा मयताच्या भावानं हरकत घेतली आणि ठाण्यानं लिहिलं, 'शांतता भंग होण्याची शक्यता.' म्हणून तो चौदा वर्षांत एकदाही घरी आला नव्हता. ह्या वेळीही तेच लिहिलं गेलं, तर फाईल मंत्र्यापर्यंत जाऊन काही उपयोग नव्हता.

जमादार म्हणाला, "मयताच्या भावाचा जबाब घ्यायचाय. बोलावलंय मी त्याला इथंच." आणि त्यानं टपरीकडं बघून हाक मारली, "ए महादू, ये की!"

टपरीवर पाठ करून बसलेला माणूस उठला. आत्याला दर पंधरवड्याला गाडीवर आणणारा तिचा पुतण्या!

शेखमामूंच्या हातातला चहा कपातच राहिला. मीच विचारलं, "अरे, अर्ज द्यायला तिला तूच आणतोस. आणि दोन्ही वेळा हरकतही तूच घेतलीस?"

महादू म्हणाला, "भाऊ माझा मेलाय. हरकत म्या नगं घेऊ तर कुनी घ्यायची?"

"मग तिला आणतोस कशाला?"

"चुलती हाय माझी. येष्टीत चढता येत न्हाय तिला."

त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं. आत्या त्या दिवशी आली नव्हती. तो एकटाच आला होता. पहिल्यांदाच माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला.

जमादार म्हणाला, "चल, सांग. काय लिहायचं?"

"मागं काय लिवलं होतं?"

"हरकत आहे."

"दोन्ही येळा?"

"दोन्ही वेळा."

महादूनं खुर्ची कीबोर्डकडं ओढली. मग म्हणाला, "आता दुसरं लिवा. तेच तेच किती येळा लिवायचं?"

जमादारानं विचारलं, "म्हणजे हरकत नाही?"

"न्हाय. तिला आता गाडीवर धड बसता बी येईना. वाटंत दोनदा थांबावं लागतंय." उठता उठता म्हणाला, "तेवढं लिवू नका."

\* \* \*

फाईल वर गेली. कलेक्टरचं झालं, कोर्टाचं झालं, मुंबईत सही झाली. आदेश निघाला. उर्वरित शिक्षा माफ. बाबर वकिलांनी तो मला दोनदा वाचून दाखवला, जणू त्यांनीच लिहिला होता.

दिगूला येडशी स्टेशनवरनं आणायला महादूच गेला, मोटरसायकल घेऊन. वाटेत दोघं काय बोलले, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आणि मी न विचारलेली अशी माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट असेल.

पंधरा दिवसांनी मोटरसायकल टपरीपाशी थांबली. आत्या चाचपडत शेडमध्ये आली, खुर्ची हातानं शोधून बसली.

"मास्तर, एक अर्ज करायचाय."

"आता कुणाला?"

"मंत्र्यालाच."

मला वाटलं, आभाराचा असेल. मी 'प्रति, मा. मंत्री महोदय' टाईप केलं आणि विषय विचारला.

"दिवस मावळला की पोरगं घरात जातंय," आत्या म्हणाली. "भिंतीला पाठ लावून उभं ऱ्हातंय. म्हनतंय, आई, कडी लाव. आतनं लाव म्हनलं तर आतनं नगं. भायेरनं लावली तरच आडवं होतंय."

बाबर वकिलांची खुर्ची वाजली.

"मग लावता?" मी विचारलं.

"लावते की. लेकराला झोप नगं? पन परवा वकीलसाहेबांचं आठवलं. गुन्हा न्हाय, हुकूम न्हाय, अशा मानसाला कोंडायची पॉवर मंत्र्याला बी न्हाय. येडशीवाला सांगत होता सगळ्या टपरीला. मग मला कुठनं आली? उद्या कुनी विचारलं मंजे? तवा लिवा, परवानगी द्यावी."

मी टाईप केलं, 'विषय : घराला बाहेरून कडी लावण्यास परवानगी मिळणेबाबत.'

 शेखमामूंनी हळूच विचारलं, "आत्या, अन् गिनती?"

"ती बी घेते. दिसत न्हाय आता, म्हनून हात लावून घेते. एक."

"मिळते?"

"मिळायली," आत्या म्हणाली. "चौदा वर्सांनी मिळायली."

\* \* \*

आता पदरचं काय घातलं, ते सांगतो. मंत्री रजिस्टरात सातव्या नंबरला नव्हते. कितव्या नंबरला होते, ते मामूंना आठवेना. सात हा आकडा माझा.